कच्चा रविवार

१

रस चोरीला गेल्याचा फोन आला तेव्हा रुगाया कढईपुढे उभी होती. चौथा घाणा तेलात होता, हात पिठाने माखलेले होते, आणि फोन खांद्याने कानाशी दाबून धरताना तिच्या मनात येत होतं, की अठ्ठावन्न वर्षांच्या नवरीने लग्नाच्या आठवड्यात स्वतःच कूसिस्टर तळत बसणं काही बरं दिसत नाही. पण आपल्या लग्नातले कूसिस्टर दुसऱ्या कुणी तळावेत हे तिला त्याहून चालणारं नव्हतं. म्हणून आज बुधवारी ती चाचणीचा घाणा काढत होती.

"तीती," तिचा धाकटा भाऊ युसरी फोनवर म्हणाला, "कपाटातला रविवार कुणीतरी पळवला गं."

रुगायाने गॅस बंद केला. दुसऱ्या कुणी हे वाक्य ऐकलं असतं तर फोन करणाऱ्याला वेड लागलं म्हटलं असतं. केपमधल्या या सॉल्ट रिव्हर वस्तीत मात्र रविवार म्हणजे काय ते शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. युसरीच्या वेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या, दुकानातला तो सर्वांत नावाजलेला रस. रविवारी सकाळी इथे घरोघरी कूसिस्टर नावाचे गोड वडे खातात, दालचिनी, वेलची, बडीशेप आणि नार्ची संत्र्याची साल घातलेले, पाकात घोळलेले, वर खोबऱ्याचा कीस. ती सकाळ युसरीने बाटलीत उतरवली होती. धूर नाही, राख नाही, नुसती वाफ ओढायची आणि तोंडात रविवार. दूरदूरच्या वस्त्यांतून लोक तेवढ्यासाठी यायचे.

पण हा रस आज ढवळला आणि उद्या विकला असा नव्हता. तो लोणच्यासारखा मुरावा लागे. ताजा ओढला तर अत्तराची बाटली उलटी केल्यासारखं वाटायचं. सहा आठवडे अंधाऱ्या कपाटात, तपकिरी काचेच्या मोठ्या बाटलीत राहिला, की एकेक वास दुसऱ्यात विरघळे, रंग मधासारखा गडद होई, आणि मग शेवटी नार्चीचे थेंब घालायचे. ते थेंब किती, हे वजनकाट्याला कळत नाही, नाकालाच कळतं. आणि युसरीचं नाक म्हणजे अख्ख्या केपमध्ये एकच नाक, अशी ख्याती होती.

शनिवारी पॅरोच्या हॉलमध्ये वेपवाल्यांची जत्रा होती. तिथे या खेपेचा रविवार मांडायचा होता.

रुगायाने तळलेले कूसिस्टर पाकात बुडवून डब्यात भरले आणि ती निघाली. रिकाम्या हाताने कुणाच्या दारात जायचं नाही ही तिची सवय नोकरीतही सुटली नव्हती. तीस वर्षं तिने एका विमा कंपनीसाठी आगीचे आणि चोरीचे दावे तपासले होते. हंबरडा फोडणाऱ्या दुकानदाराच्या पुढ्यात ती खाऊचा डबा ठेवायची, आणि तो खाता खाता खरं बोलून जायचा.

युसरी दुकानाच्या मागच्या खोलीत उघड्या कपाटासमोर बसला होता. चेहरा उतरलेला. पन्नाशीतला हा भाऊ तिला एकदम शाळेतून मार खाऊन आलेल्या पोरासारखा दिसला.

"नार्ची घालायची म्हणून झाकण काढलं," तो म्हणाला. "नाकाशी नेलं आणि छातीत धस्स झालं. कच्चा! आज नाही तर काल ढवळलेला. आपला मुरलेला रस काढून कुणीतरी त्यात हे भरून ठेवलंय. बघ तूच."

रुगायाने वास घेतला. नाकात असा झणका बसला, की तिने मान मागे घेतली. तरी रंग तर मधासारखाच होता. तिने बाटली खिडकीशी धरली. तळाशी लालसर भुकटी बसली होती.

"रूइबोस चहाने रंगवलाय," ती म्हणाली. "म्हणजे मुरल्यावर रंग कसा होतो हे चोराला पक्कं माहीत आहे."

"घरचाच चोर," युसरी म्हणाला. तिने डबा पुढे केला, त्याने नको नको म्हणत एक कूसिस्टर उचलला, एका घासात अर्धा संपवला. "वा तीती. ही नार्चीची साल! आईची आठवण झाली बघ." मग आणखी एक घेतला. दुःखात भूक लागते त्याला, हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

"किल्ल्या किती?"

"दोन. एक माझ्या कमरेला."

दुसरी कुणाकडे ते त्याने सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. दुसरी किल्ली आर्मीनकडे होती. आर्मीन म्हणजे युसरीचा दुकानातला भागीदार, एकाच गल्लीत तिघे वाढले होते, आणि येत्या रविवारी रुगायाचा निकाह त्याच्याशीच लागायचा होता.

"तूच तपास कर," युसरी म्हणाला. "माझं मन आर्मीनवर जात नाही, पण डोकं जातंय. अब्बा नाहीत. मशिदीत तुझा वली म्हणून मी उभा राहणार, तुझा हात मी देणार. चोराच्या हातात बहिणीचा हात मी देणार नाही, तीती. माझा नकार समज. तू म्हणालीस की तो चोर नाही, तर माझं काही म्हणणं नाही."

रुगायाने डब्याचं झाकण लावलं. बारा वर्षं एकटी राहिल्यावर तिने एका माणसाला हो म्हटलं होतं. आता त्याच माणसाची झडती तिलाच घ्यायची होती.

२

आर्मीन पूर्वी कपड्यांच्या कारखान्यात कापडं बेतायचा. कारखाने बंद पडले तसा तो युसरीबरोबर या धंद्यात आला. उंच, सावकाश बोलणारा, नाकासमोर चालणारा माणूस. तो अंगणात खुर्ची टाकून बसला होता, आणि वाऱ्याने उडणारी टोपी त्याने गुडघ्याखाली दाबून ठेवली होती.

"तश्रीकने सांगितलं मला सगळं," तो म्हणाला. "युसरीने वास घेतला, कच्चा निघाला, वगैरे."

"तू घेतलास?"

"काय?"

"रस, आर्मीन. चहा नाही विचारत."

तो हसला नाही. "नाही घेतला. अल्लाशप्पथ."

तिने डबा पुढे केला. त्याने एक तुकडा तोंडात टाकला, चावला, थांबला. "यात नार्चीची साल कुठाय?"

"बरणीला बुरशी लागली होती. आता उन्हाळ्यात कुठली नार्ची? आज बिनसालीचे केलेत. रविवारी शेजारणीकडून आणीन."

"आण बाई. हे नुसते गोड भजे लागतात."

दुसऱ्या वेळी तिने त्याला चांगलं सुनावलं असतं. आज तिने विचारलं, "या खेपेचा रविवार कुणी बनवला?"

आर्मीनने टोपी उचलली, झटकली, पुन्हा गुडघ्याखाली ठेवली. "युसरीने. नेहमी तोच बनवतो."

तीस वर्षांत रुगायाने इतकं वाईट खोटं क्वचित ऐकलं होतं. "आर्मीन, तुला खोटं बोलता येत नाही. कधीच येत नव्हतं."

"मग ते विचारू नकोस. चोरी केली का ते विचार, हजारदा विचार. दुसरं काही मला सांगता येणार नाही."

"रविवारी आपला निकाह आहे. आणि तू मला सांगता येणार नाही म्हणतोस?"

"हो," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

डब्याचं झाकण लावून रुगाया तिथून निघाली. इथे कुठेतरी पाणी मुरतंय हे तिला स्वच्छ दिसत होतं, आणि ते याच अंगणात मुरत होतं.

३

तश्रीक दुकानात गल्ल्यावर बसायचा. तिशीतला, दोन मुलांचा बाप, जिभेला हाड नसलेला. त्याच्या मनात मिचेल्स प्लेनला स्वतःचं दुकान काढायचं होतं, आणि ते त्याने गिऱ्हाइकांनाही सांगून ठेवलं होतं. म्हणून रुगायाने दुसऱ्या दिवशी त्याच्यापुढे डबा ठेवला.

"आंटी, माझ्यावर संशय घ्या, खुशाल घ्या," तो म्हणाला. "पण मी चोरी केली असती तर चोरलेला रस आत्तापर्यंत मीच ओढून संपवला असता." त्याने कूसिस्टर चावला. "राग मानू नका हं, पण यात काहीतरी कमी आहे."

"ठाऊक आहे मला. किल्ली कधी तुझ्या हातात आली होती?"

"कधीच नाही. युसरी अंकल अंघोळीलाही किल्ली घेऊन जात असतील. अलीकडे तर त्यांचं डोकं ठिकाणावर नसतं. परवा त्यांच्या वेपमधली कॉइल जळाली. जळका कापूस आंटी! तो एकदा घशात गेला की माणूस नळाखाली तोंड धरतो. मी इथे गल्ल्यावर खोकत होतो, आणि अंकल आपले खिडकीतून बाहेर बघत झुरक्यावर झुरके घेतायत. मी वेप हातातून काढून घेतला तेव्हा कुठे शुद्धीवर आले. जत्रेचं टेन्शन, दुसरं काय."

"आणि आर्मीन?"

तश्रीकने मागच्या दाराकडे एक नजर टाकली. मग हळू आवाजात म्हणाला, "ते हल्ली सारखे मागच्या खोलीत असतात. दार लावून. युसरी अंकल बाहेर उभे, आणि हे आत कपाटापाशी. मी कुणाला बोललो नाही, आंटी. तुमचं लग्न ठरलंय म्हणून."

तिसरा माणूस होता व्हर्नन अडोनिस. पॅरोला त्याचं वेपचं मोठं दुकान होतं, गेल्या आठवड्यात तो युसरीकडे येऊन गेला होता, आणि दोन दुकानांचं एकमेकांशी फारसं पटत नव्हतं. रुगायाला पाहताच त्याने खुर्ची पुसून दिली.

"मी चोर असतो तर माझी बायको खूश झाली असती, निदान काहीतरी केलंस म्हणाली असती," व्हर्नन म्हणाला. "पण मिसेस, मी तुमच्या भावाकडे उगाच नव्हतो आलो. जोहान्सबर्गची एक कंपनी शनिवारच्या जत्रेत नवा रस आणतेय. कूसिस्टरचा. त्यांचा विक्रेता मला चाखवून गेला. कच्चा नाही हं, चांगला मुरलेला. एक झुरका घेतला आणि म्हटलं, हा तर सॉल्ट रिव्हरचा रविवार! तेच युसरीला विचारायला गेलो, की बाबा विकलास का?"

"मग? काय म्हणाला?"

"म्हणाला, विकीन तर मरेन. पांढराफटक पडला होता बिचारा."

"कंपनीला कुणी दिला ते कळलं?"

"विक्रेता नाव घेईना. आमच्या जुन्या मित्राने दिला, एवढंच म्हणाला."

परतताना रुगाया बसच्या खिडकीशी डोकं टेकून बसली. माल जोहान्सबर्गला गेला होता. देणारा आतला माणूस होता. दार लावून कपाटापाशी बसणारा, कुणी बनवला विचारलं की नजर चुकवणारा. असा दावा नोकरीत समोर आला असता तर तिने चहा थंड व्हायच्या आत निकाल लिहिला असता.

बसमधून उतरली तर स्टॉपवर युसरी उभा होता. त्याच्या हातात कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

४

"आर्मीनच्या गाडीत सापडली," तो म्हणाला. "डिकीत. स्टेपनीखाली."

कापडात तपकिरी काचेची मोठी रिकामी बाटली होती, कपाटात असते तशीच. वारा असा सुटला होता, की उभं राहणं मुश्कील. युसरीने बाटली छातीशी धरली, झाकण फिरवून काढलं, नाक तिच्या तोंडाला लावलं आणि डोळे मिटले. बराच वेळ तो तसाच उभा राहिला.

"आपलाच रविवार," तो म्हणाला. "तळाशी थेंबभर उरलाय. दालचिनी, वेलची, सगळं आहे. हा वास मी कबरीतही ओळखीन, तीती." त्याने झाकण घट्ट लावलं आणि बाटली तिच्या हातात दिली. "तू घे वास."

"नको," रुगाया म्हणाली. तिला तो वास खरंच नको होता. त्या वासाबरोबर आर्मीनचं अंगण आलं असतं, त्याची टोपी आली असती.

"मी मशिदीत येत नाही मग," युसरी म्हणाला. त्याने तिच्या खांद्याभोवती हात टाकला, आणि ती भर रस्त्यात भावाच्या खांद्यावर रडली. "मी आहे ना तुला," तो म्हणत राहिला. "मी आहे ना."

घरी येऊन तिने बाटली स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवली आणि तिच्यासमोर बसून राहिली. शेजारीण साल घेऊन आली, तिला तिने दारातूनच परत पाठवलं. मग स्वतःचाच तिला राग आला. पुरावा हातात आल्यावर न तपासता घरी नेणाऱ्या नवशिक्यांना तिने कितीदा झापलं होतं! तिने ओढणीने डोळे पुसले, झाकण उघडलं आणि वास घेतला.

बाटलीतून लिचीचा आणि पुदिन्याचा वास आला.

५

लिची-पुदिना हा युसरीच्या दुकानातला सर्वांत स्वस्त रस. तो मुरवावा लागत नाही, हलवला की विकता येतो, आणि त्याच्या रिकाम्या बाटल्या मागच्या खोलीत रांगेने पडलेल्या असतात. रविवारचा त्यात कणभरही वास नव्हता.

पहिल्यांदा तिला वाटलं, वाऱ्यामुळे चुकला असेल. मग तिलाच हसू आलं. लहान मूल डोळे बांधून सांगेल असा तो वास होता. केपमधलं पहिल्या नंबरचं नाक बाटलीत खुपसून युसरी इतका वेळ उभा होता, आणि त्याला दालचिनी लागली, वेलची लागली?

तिने पुन्हा बुधवारपासून सुरुवात केली. बिनसालीचा कूसिस्टर. आर्मीनला पहिल्या घासाला कळलं, तश्रीकला कळलं. युसरी मात्र म्हणाला, ही नार्चीची साल! तेव्हा तिला वाटलं होतं, बहिणीचं मन राखतोय. मग जळका कापूस. गल्ल्यावरचा तश्रीक खोकतो, आणि ओढणारा आरामात ओढतोय.

दोन हिवाळ्यांपूर्वीच्या साथीत युसरीला मोठा ताप आला होता. त्यातून तो उठला, सगळं गाव अल्हम्दुलिल्ला म्हणालं. त्या तापाने काहीच नेलं नाही असं सगळ्यांना वाटलं होतं.

आणि मग खरा प्रश्न तिच्यासमोर आला. युसरीला वासच येत नसेल, तर बुधवारी झाकण काढून तो "कच्चा" कसा म्हणाला?

६

शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाल्यावर तिने दोघांनाही मागच्या खोलीत बोलावलं. तश्रीक बाहेर गल्ल्यावर होता. मधलं दार तिने उघडंच ठेवलं.

"युसरी, ही बाटली कसली ते आर्मीनसमोर सांग."

"किती वेळा सांगू? रविवारची."

"झाकण काढून सांग."

युसरीने झाकण काढलं, नाकाशी नेलं. "दालचिनी," तो म्हणाला. "वेलची. तळलेलं पीठ."

"अरे, लिची-पुदिना कुणी उघडला?" तश्रीक बाहेरून ओरडला. "झाकण लावा, गिऱ्हाईक शिंकायला लागलंय!"

आर्मीनने मान खाली घातली. युसरीने बाटलीकडे पाहिलं, मग आर्मीनकडे, जणू वास त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेला सापडेल. रुगायाला ती नजर बघवेना. ती नजर सवयीची होती.

"तापानंतर गेलं ना?" तिने विचारलं.

युसरी बसला.

"तुझं नाक गेलं आणि आर्मीनने ते झाकलं," ती म्हणाली. "दार लावून आत तो रस चाखायचा, थेंब तो घालायचा, आणि बाहेर नाव तुझं. या खेपेचा रविवारही त्यानेच बनवला. म्हणून कुणी बनवला विचारल्यावर त्याची दातखीळ बसली. तू मुरलेला रस जोहान्सबर्गवाल्यांना दिलास. त्यांच्या विक्रेत्याने तो व्हर्ननला चाखवला, व्हर्नन तुला विचारायला आला, आणि तू घाबरलास. शनिवारी जत्रेत सगळ्यांना कळणार, मग आधीच एक चोर हवा. काट्यावर मोजून ताजा रस तुला नाकावाचूनही करता येतो. चहा टाकून रंगही देता येतो. तेवढा तू केलास. पण गाडीत ठेवायला रिकामी बाटली उचललीस, तिथे हात चुकला. वास घेऊन उचलायची असते ती, युसरी."

"तू काय समजणार?" युसरीचा आवाज फाटला. "लोक माझ्यापुढे बाटली धरतात, म्हणतात, सांग यात काय आहे. मी त्यांच्या तोंडाकडे बघून अंदाज बांधतो! दोन वर्षं! दुकान माझं, नाव माझं, आणि नाक याचं. हा माझ्या जागेवर बसला. रविवारी माझ्या घरातही येऊन बसणार होता. मग माझं काय उरलं? कंपनीवाले म्हणाले, रस आणि नुसखा द्या, तुमचं नाव बाटलीवर छापू. निदान बाटलीवर तरी राहिलो असतो."

"मला सांगितलं असतंस तर मी कुणाच्या बापाला विकू दिलं नसतं," आर्मीन म्हणाला, "पण तुझं नाव बाटलीवर मी स्वतः छापून दिलं असतं."

"तू गप्प बस!" युसरी किंचाळला.

रुगायाने हात वर केला. "रसाची चोरी दुकानाची. ते तुम्ही दोघं बघा. मला एकच सांग. तपासाला मलाच का बोलावलंस?"

युसरी हातातलं झाकण उगाच फिरवत राहिला.

"मी सांगते. पोलिसाने विचारलं असतं, वासावरून कसं ओळखलंस, दाखव. मी विचारणार नव्हते. जगात एकच माणूस तुझ्या नाकावर डोळे मिटून विश्वास ठेवणारं होतं, म्हणून तू मला निवडलंस. माझ्याच तोंडून माझं लग्न मोडायचं. आणि काल रस्त्यात मी रडत होते तेव्हा मला कुशीत घेतलंस. मी आहे ना तुला, म्हणालास." तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "युसरी, अब्बा गेले तेव्हा तू एवढासा होतास रे. मी तुला भरवलंय."

तो रडायला लागला. हे रडणं खरं होतं. तिला ते कळलं, आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

मग ती आर्मीनकडे वळली. "आणि तू. त्याने वासावरून ओळखलं म्हणून तश्रीकने सांगितलं, त्याच क्षणी तुला कळलं की हा खोटं बोलतोय."

"हो."

"आणि तरी मला गावभर हिंडू दिलंस? होणाऱ्या नवऱ्याच्या चोरीचे पुरावे गोळा करत?"

"त्याने शपथ घातली होती. आणि तो तुझा भाऊ आहे, रुगाया. मी चोर ठरलो असतो तर तुझा एक नवरा गेला असता, तोही न झालेला. तो ठरला तर तुझं माहेरच गेलं."

"ते ठरवायचं कुणी? तू?" ती म्हणाली. "दोघांनी मिळून मला आंधळी केलंत. त्याने लबाडीने, तू चांगुलपणाने. मला आत्ता दोन्हींतला फरक नीट दिसत नाहीये. लग्न करीन मी तुझ्याशी, पण तू पुन्हा माझ्या भल्यासाठी गप्प बसलास, तर त्या दिवशी मी माझ्या घरी परत जाईन."

आर्मीनने मान हलवली.

युसरी उठून तिच्यासमोर आला. "तीती, रविवारी मी येतो मशिदीत. सगळ्यांसमोर मी तुझा हात देतो. हवं तर आधी याची माफी मागतो. एवढं करू दे मला."

"तू बुधवारी नकार दिलास," रुगाया म्हणाली. "मी तो इमामसाहेबांना कळवून आलेय. ज्या बाईचा वली अडून बसतो, तिचे वली इमाम होतात. त्यांनी हो म्हटलंय."

"पण तो नकार खोटा होता!"

"मला तो खराच वाटला होता," ती म्हणाली आणि गल्ल्यावरून बाहेर पडली.

७

रविवारी निकाह दुपारचा ठरला होता. युसरीला न कळवता तो सकाळच्या नमाजेनंतरच उरकला. मशिदीत पुरुष बसले, आर्मीनने कबूल म्हटलं, आणि रुगाया रीतीप्रमाणे घरी बायकांत बसून राहिली. साडेअकराला तिच्या बैठकीत चाळीस माणसं जमली होती, आणि आर्मीन नवी कोरी टोपी घालून कोपऱ्यात अवघडून बसला होता.

तेवढ्यात युसरी आला. काळा सूट, लाल फेज टोपी, बुटांना पॉलिश. मशिदीत बरोबर वेळेवर पोहोचायच्या तयारीने तो बहिणीला सलाम करायला आला होता. दारातच त्याला आर्मीन दिसला, आर्मीनच्या गळ्यातला फुलांचा हार दिसला, आणि तो समजला. परत फिरायला जागा नव्हती. मागून पाहुणे येतच होते.

"ये," रुगाया म्हणाली. "बस. चहा घे." तिने कुठल्याही पाहुण्याला दिली असती तशी त्याच्या हातात बशी दिली.

तो खुर्चीच्या कडेवर बसला. बायका कुजबुजायला लागल्या. सगळ्यांच्या मनात एकच होतं, पण विचारलं ते गल्लीतल्या सर्वांत म्हाताऱ्या आंटी मायमूनाने, कारण तिला कमी ऐकू यायचं आणि त्यामुळे ती सगळ्यांना ऐकू जाईल असंच बोलायची.

"रुगाया, तुझा वली कोण उभा राहिला गं?"

"इमामसाहेब, आंटी."

"इमाम? का गं बाई? एवढा भाऊ आहे की!"

खोलीतल्या बशा थांबल्या. युसरीने मान वर केली आणि बहिणीकडे पाहिलं. ती काहीतरी सांभाळून घेईल, आजारी होता म्हणेल, गाडी बंद पडली म्हणेल, अशी आशा त्या नजरेत उघड दिसत होती. आयुष्यभर तिने त्याला असंच सांभाळून घेतलं होतं.

"भाऊ नाही म्हणाला," रुगायाने सांगितलं.

आंटी मायमूना आणखी काही विचारणार होती, पण युसरीने बशी खाली ठेवली आणि मागच्या दाराने तो निघून गेला. वाऱ्याने दार आपटत होतं, म्हणून रुगायाने उठून ते लावून घेतलं. कडीवर हात ठेवून ती थोडा वेळ तिथेच उभी राहिली. बैठकीतून आर्मीनने हाक मारली तेव्हा ती तोंड धुऊन आत गेली.